डिस्क नाही, खोका नाही, तरी नवा गेम डिजिटल स्टोअरवर एवढा महाग का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिजिटल स्टोअरवरच्या गेमला डिस्क लागत नाही, खोका लागत नाही, गोदाम आणि वाहतूकही लागत नाही. तरीही नवा मोठा गेम डिस्कच्याच भावाने ७० डॉलरला विकतात, काही तर ८० ला. ही लूट आहे का, आणि गेम आत्ता घ्यावा की थांबावं?

लहान आणि मध्यम स्टुडिओंच्या गेमच्या किमती ठरवणं आणि त्यांच्या सेलचं वेळापत्रक लावणं, हे काम मी बारा वर्षं करतोय. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. कन्सोलच्या (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या गेम खेळायच्या यंत्राच्या) डिजिटल स्टोअरवर पहिल्या दिवशीची किंमत खरोखरच जास्त आहे. पण लोक त्यासाठी डिस्क-खोक्याचं जे कारण देतात ते कच्चं आहे, आणि कच्च्या कारणावर वाद घातला की कंपन्यांना तो खोडून काढणं सोपं जातं.

ते डिस्क-खोक्याचं आधी संपवू. डिस्क छापून डबीत घालायला लागणारा पैसा हा ७० डॉलरमधला अगदी किरकोळ भाग. त्याहून मोठा हिस्सा दुकानदाराचा असायचा. डिजिटलवर तो हिस्सा वाचला नाही, तो स्टोअरच्या मालकाकडे गेला. वस्तूचा खर्च किमतीत स्पष्ट दिसायचा तो कार्ट्रिजच्या काळात. १९९५ मध्ये अमेरिकेत सुपर निंटेंडोवरचा क्रोनो ट्रिगर ८० डॉलरच्या आसपास होता आणि सेगा जेनेसिसवरचा फँटसी स्टार ४ तर १०० च्या घरात, कारण आत महागड्या मेमरी चिप असायच्या. मग सोनीचं प्लेस्टेशन सीडी घेऊन आलं आणि भाव ५० डॉलरवर, कधी त्याच्याही खाली उतरले. माध्यम स्वस्त झालं आणि त्याचा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचला, कारण सोनीला निंटेंडोचं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायचं होतं.

डिजिटलच्या वेळी असं का घडलं नाही? सुरुवातीची अडचण खरी होती. कन्सोल दुकानदारच विकत होता, आणि त्याची कमाई कन्सोलपेक्षा गेमवर जास्त व्हायची. तोच गेम कंपनीने ऑनलाइन १० डॉलर कमीने दिला असता तर दुकानदाराने त्यांचा माल मांडायला जागा दिली नसती. म्हणून दोन्हीकडे एकच भाव ठेवायची रीत पडली. पुढे दुकानांचा जोर ओसरला, पण रीत तशीच राहिली, कारण ती मोडायला भाग पाडणारं कुणी उरलं नाही. ती मोडता येते हे निंटेंडोनेच दाखवलं. जून २०२५ मध्ये आलेला मारिओ कार्ट वर्ल्ड युरोपात कार्ट्रिजवर ९० युरोला आणि डिजिटल ८० युरोला होता. म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंना दोन वेगळे भाव लावायला तांत्रिक अडचण काहीच नाही.

आता कंपन्यांची बाजू. ती दोन मुद्द्यांवर उभी असते, महागाई आणि बजेट.

महागाईचा हिशोब चुकीचा नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा नवा गेम ६० डॉलरचा झाला. ते ६० डॉलर आजच्या पैशात १०० च्या जवळ जातात. पुढची पंधरा वर्षं आकडा हलला नाही. २०२० मध्ये नव्या कन्सोलबरोबर तो ७० झाला. नुसता आकडा पाहिला तर गेम पूर्वीपेक्षा स्वस्तच झालाय. पण या हिशोबातून दोन गोष्टी गळतात. एक म्हणजे गिऱ्हाइकांची संख्या. २०१३ चा जीटीए ५ आजवर २० कोटींहून जास्त प्रती खपलाय, आणि गेमची पुढची प्रत काढायला जवळजवळ काही लागत नाही. दुसरी म्हणजे ७० डॉलर ही आता मूळ किंमत राहिली आहे, शेवटची नव्हे. २०२३ मध्ये स्टारफील्डची महागडी आवृत्ती १०० डॉलरला होती आणि ती घेणाऱ्याला गेम पाच दिवस आधी खेळायला मिळाला. गेम तोच, फक्त ६ सप्टेंबरऐवजी १ सप्टेंबरला. त्यावर डीएलसी (वेगळे पैसे देऊन घ्यायची गेमची भर), सीझन पास (अशा भरींचा आगाऊ पास), गेममधलं चलन. २००५ च्या ६० डॉलरमध्ये बहुतेक वेळा गेम पुरा मिळायचा.

बजेटचे आकडे कंपन्या सहसा लपवतात, पण काही बाहेर आले. जून २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट-ॲक्टिव्हिजन विलीनीकरणाचा खटला चालू असताना सोनीने दिलेल्या कागदांवरचे आकडे काळ्या पेनने खोडले होते, तरी स्कॅनमध्ये ते वाचता आले. द लास्ट ऑफ अस पार्ट २ ला सुमारे २२ कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टला सुमारे २१ कोटी. त्याच वर्षाच्या शेवटी फुटलेल्या कागदपत्रांवरून स्पायडर-मॅन २ चं बजेट ३० कोटींच्या आसपास असल्याचं कळलं. हे फार मोठे आकडे आहेत आणि त्यातला बहुतेक पैसा माणसांच्या पगारात जातो, हेही मला मान्य आहे.

पण इतक्या बैठकांना बसल्यावर एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. किंमत ठरवताना बजेटचा कागद कुणी उघडत नाही. खर्च झालेला असतो, तो आता परत येणार नाही. टेबलावर असतात त्या वेगळ्या गोष्टी: आपल्यासारखा गेम गेल्या वर्षी कितीला विकला गेला, विशलिस्टवर, म्हणजे स्टोअरवर ‘घ्यायचाय’ म्हणून नोंद करून ठेवलेल्यांत, किती लोक आहेत, आणि ते कितीपर्यंत कुरकुर न करता पैसे देतील. गेम बनवायचा की नाही, हे खर्चावर ठरतं. तो कितीला विकायचा, हे गिऱ्हाइकाच्या सहनशक्तीवर ठरतं. द आउटर वर्ल्ड्स २ चंच बघा. जून २०२५ मध्ये त्याची किंमत ८० डॉलर जाहीर झाली. लोक भडकले. जुलैमध्ये ती ७० वर आणली गेली. महिन्याभरात बजेट बदललं नव्हतं, फक्त लोकांनी नाही म्हटलं होतं.

सुरुवातीची किंमत चढी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, ते बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. लाँचची किंमत हे छत असतं. पुढचा प्रत्येक डिस्काउंट त्याच्यातून वजा होतो. माझ्या पहिल्याच कामात मी इथे चुकलो. साधारण सहा तासांचा, गोष्टीवर चालणारा गेम होता, चार जणांनी तीन वर्षं खपून केलेला. ते २० डॉलर म्हणत होते, मी धास्तीने १५ वर आणला. खपला बऱ्यापैकी, पण त्यानंतरचा प्रत्येक सेल १५ वरून खाली मोजला गेला. किंमत मागाहून वाढवायची सोय नसल्यातच जमा असते, आधीच्या गिऱ्हाइकांचा राग थेट रिव्ह्यूमध्ये उतरतो. स्टीमवर, म्हणजे पीसीवरच्या सर्वांत मोठ्या डिजिटल स्टोअरवर, तर किंमत वाढवल्यावर ३० दिवस डिस्काउंटही देता येत नाही. शिवाय विशलिस्टवरच्या लोकांना स्टीम ईमेल पाठवतं ते डिस्काउंट २० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तेव्हाच. म्हणजे वर्षभरात लोकांना चार वेळा आपली आठवण करून द्यायची असेल तर चार वेळा मोठा डिस्काउंट द्यावा लागणार, आणि तो द्यायला छत उंच हवं. तुम्ही पहिल्या दिवशी ७० देता तेव्हा त्यातला काही भाग पुढच्या सेलसाठी आधीच वाढवून ठेवलेला असतो.

स्टोअरच्या कमिशनबद्दल फार बोललं जातं. ३० टक्के हा रूढ दर आहे. स्टीमने २०१८ च्या शेवटी मोठ्या विक्रेत्यांसाठी तो उतरवला, १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २०. लगेच डिसेंबरमध्ये एपिकचं स्टोअर १२ टक्क्यांवर आलं. तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की आता पीसीवर भाव उतरतील. २०१९ मध्ये मेट्रो एक्सोडस अमेरिकेत एपिकवर १० डॉलरने कमी किमतीला आला, म्हणून आशा आणखी वाढली. पण ती वाट पुढे फार कुणी धरली नाही. कमिशनमध्ये वाचलेला पैसा प्रकाशकाकडे, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीकडे, राहिला. दुसऱ्या स्टोअरवर भाव कमी ठेवू देत नाहीत, असा आरोप स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हवर २०२१ मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या दाव्यात आहे. त्याचा निकाल काहीही लागो, कमिशन घटलं म्हणून किंमत आपोआप घटत नाही एवढं मी जवळून पाहिलंय.

आता मला ज्या कारणासाठी किंमत जास्त वाटते ते. समजा, तुम्ही ७० डॉलरची डिस्क घेतली, महिन्याभरात गेम संपवला आणि ४० ला विकून टाकली. तुम्हाला तो गेम ३० डॉलरला पडला. वर मधल्या काळात भावाला किंवा मित्राला खेळायला दिला असेल तर तेही त्याच ३० मध्ये. तोच गेम डिजिटल घेतला तर ७० चे ७० गेले. विकता येत नाही, कुणाच्या हातात ठेवता येत नाही, मुलांना ठेवून जाता येत नाही. किमतीच्या चिठ्ठीवर आकडा एकच असला तरी डिजिटल गिऱ्हाईक दुपटीहून जास्त पैसे मोजतंय. माझ्या दृष्टीने सगळी तक्रार इथे असायला हवी. डिस्कच्या प्लास्टिकचे पैसे परत मागून काही पदरात पडणार नाही. पुनर्विक्रीचा हक्क गेला, त्याची भरपाई किमतीत दिसली पाहिजे.

हा हक्क मिळवायचा प्रयत्न युरोपात झाला. वापरलेलं सॉफ्टवेअर, डाउनलोड केलेलं असलं तरी, पुढे विकता येतं असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये दिला होता. त्याचा आधार घेऊन फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं, आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरचे गेम पुन्हा विकता आले पाहिजेत असं म्हटलं. त्या दिवशी आमच्या धंद्यात खरोखर खळबळ होती. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलात ते उलटलं. गेम म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर नव्हे, त्यात चित्र, संगीत, कथा असं बरंच काही असतं, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागू होत नाही, असं वरच्या न्यायालयाचं म्हणणं पडलं. मी विक्रेत्याच्या बाजूला बसतो, तरी तो निकाल वाचून मला वाईट वाटलं होतं.

शिवाय जे घेतलं ते किती दिवस राहील हेही तुमच्या हातात नाही. द क्रू हा २०१४ चा गाड्यांचा गेम, एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे भरलेल्या लोकांकडे काहीच उरलं नाही. ॲलन वेक २०१७ मध्ये संगीताचे परवाने संपले म्हणून विक्रीतून गेला, साधारण दीड वर्षाने परत आला. निंटेंडोच्या वी यू आणि ३डीएस या कन्सोलचं स्टोअर २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी कायमचं बंद झालं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: डिजिटल स्टोअरला ‘विकत घ्या’ असं बटण ठेवायचं असेल तर गिऱ्हाइकाला फक्त लायसन्स मिळतंय हे स्पष्ट सांगावं लागतं. आपण इतकी वर्षं काय विकत होतो हे त्या ओळीने उघडपणे मान्य केलं.

कन्सोलवर हे जास्त बोचतं, कारण तिथे दुकान एकच. पीसीवर स्टीम नको तर एपिक, एपिक नको तर जीओजी, जिथून गेमची फाइल उतरवून कुलपाशिवाय आपल्याकडे ठेवता येते. स्टीमची कोडं दुसऱ्या अधिकृत दुकानांतही मिळतात, आणि बाहेर विकलेल्या कोडावर स्टीम कमिशन घेत नाही, त्यामुळे ती दुकानं बऱ्याचदा पहिल्या दिवशीच भाव पाडतात. प्लेस्टेशनवर ही सोय होती, दुकानदार पूर्ण गेमची डाउनलोड कोडं विकायचे. एप्रिल २०१९ पासून सोनीने ती बंद केली. २०२० मध्ये डिस्कची खाच नसलेला प्लेस्टेशन ५ आला, १०० डॉलर कमी किमतीला. अनेकांनी आनंदाने घेतला. वरच्या हिशोबाने डिस्कवाल्याचे प्रत्येक नव्या गेममागे ४० डॉलर वाचतात, म्हणजे तिसऱ्या गेमला ते १०० डॉलर वसूल होऊन जातात. त्यानंतरची सगळी वर्षं त्या कन्सोलच्या मालकाला भाव सांगणारा एकच दुकानदार असतो.

परत करण्याचंही तसंच. स्टीमवर जून २०१५ पासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की, गेम सदोष नसेल तर, तो हक्क संपतो. गेम उघडून बघितल्याशिवाय आवडला की नाही हे कळणार कसं? डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ जुन्या कन्सोलवर इतका मोडका आला की सोनीने तो स्टोअरवरून काढला आणि पैसे परत केले, पण तो अपवाद. त्यातूनच दिसतं की पहिल्या दिवशीचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त पैसे देऊन सगळ्यात कच्चा गेम घेतं. सायबरपंक काय किंवा २०१६ चा नो मॅन्स स्काय काय, दोन्ही पुढे खूप चांगले झाले, आणि चांगले झाले तेव्हा स्वस्तही झाले होते.

हे सगळं मोठ्या गेमबद्दल. लहान गेमबद्दल माझं मत अगदी उलट आहे, आणि ते मी कळवळून सांगतो. २० डॉलरचा गेम घ्या. लाँचला १० टक्के डिस्काउंट, राहिले १८. जिथे किमतीत २० टक्के कर धरलेला असतो तिथे कर गेल्यावर १५. स्टोअरचे ३० टक्के गेले, साडेदहा. प्रकाशक असेल आणि निम्मा वाटा त्याचा असेल तर सव्वापाच. त्यात दोन-तीन वर्षांचे पगार काढायचे, आणि हा हिशोब सर्वांत चांगल्या आठवड्याचा आहे, पुढच्या सेलमध्ये तीच प्रत ५ डॉलरला जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये हॉलो नाइट: सिल्कसाँग २० डॉलरला आला, लाखो लोकांनी एकदम घेतला, स्टोअर कोलमडली. खेळणारा म्हणून मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी एका स्टुडिओचा फोन आला, आमचा गेम २५ चा आहे, आता लोक म्हणतील सिल्कसाँग २० ला मिळतो. त्यांच्या विशलिस्टवर लाखो लोक नव्हते. असे गेम महाग नाहीत, ते फार स्वस्त विकले जातात.

मधला रस्ताही आहे, तो मला सगळ्यात आश्वासक वाटतो. हेलडायव्हर्स २ फेब्रुवारी २०२४ मध्ये ४० डॉलरला आला, क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३ एप्रिल २०२५ मध्ये ५० ला. दोन्ही तुफान खपले. भव्य दिसणाऱ्या गेमला ७० च हवेत हे त्यांनी खोटं ठरवलं. मासिक वर्गणीवर मात्र माझा फार विश्वास नाही. मायक्रोसॉफ्टची गेम पास अल्टिमेट ही वर्गणी घ्या, तो २०१९ मध्ये महिना १५ डॉलर होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये ३० झाला. महिन्याला दोन-तीन नवे गेम खेळत असाल तरच तो परवडतो.

आता घ्यावा की थांबावं. गेम निंटेंडोचा स्वतःचा असेल तर थांबून फार हाती लागत नाही. २०१७ चा ब्रेथ ऑफ द वाइल्ड कितीतरी वर्षं ६० डॉलरवरच राहिला. तिथे कार्ट्रिज घ्या, खेळून झाल्यावर चांगल्या भावाने विका, पण घेण्याआधी खोक्यावर गेम-की कार्ड असं लिहिलंय का बघा, कारण त्यात गेम नसतो, डाउनलोडची किल्ली असते. इतर कंपन्यांचा, एकट्याने खेळायचा मोठा गेम असेल आणि कन्सोलला डिस्कची खाच असेल तर डिस्क घ्या. खाच नसेल तर साधारण सहा महिने थांबा, बहुतेक गेम तोवर एकदा तरी तिसऱ्या हिश्श्याने खाली येतात आणि मोठे पॅचही (चुका दुरुस्त करणारे अपडेट) आलेले असतात. पीसीवर स्टीमडीबी किंवा इजदेअरएनीडील या किमतींची नोंद ठेवणाऱ्या साइटवर आधीची सर्वांत कमी किंमत पाहून घ्या. मित्र आत्ता खेळतायत म्हणून ऑनलाइन गेम हवा असेल तर लगेच घ्या, सहा महिन्यांनी ती सोबत नसेल, फक्त महागडी आवृत्ती घेऊ नका. आणि यादीत कुणा चार-पाच जणांच्या स्टुडिओचा १५-२० डॉलरचा गेम असेल, तर तो मात्र सेलची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच घ्या.